पितळेची पाटी, काचेचा पूल

आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक पुलाच्या तोंडाशी एक फलक असतो. त्यावर हिरव्या आकड्यांत त्या पुलाचं उरलेलं आयुष्य दिसतं, वर्षांमध्ये. सरकारनं हे लोकांच्या हितासाठी केलं असं सांगतात. मला विचाराल तर ज्याला ही कल्पना सुचली तो गावात कधी राहिलेला नसावा. कुणाचं उरलेलं वय असं चव्हाट्यावर टांगलं की गावची माणसं लगेच त्याच्याशी बरोबरी करायला लागतात.

कांदळजुव्याच्या पुलाचं तेच झालं. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. आमच्या जुव्यावर साठेक घरं, एक शाळा, एक देऊळ आणि जिकडे तिकडे कांदळाची खारफुटी. मुख्य भूमीकडे जायला हा एकच झुलता पूल. बाबी तांडेल रोज सकाळी पलीकडे चहा प्यायला जाताना फलकासमोर उभा राहायचा, एकेचाळीस हा आकडा मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचा, "हो पूल माझ्याआदी जावचो नाय." मग समाधानानं पुढे जायचा.

त्या वर्षी गणपती झाल्यावर आकडा तेहतीसवर आला. लोकांना वाटलं, यंत्र बिघडलं. दसऱ्याला एकोणीस झाला, दिवाळीत अकरा. आकड्याचा रंग हिरव्याचा पिवळा झाला. पलीकडच्या गावातल्या एका मुलीचं जुव्यावर ठरलेलं लग्न मोडलं. मुलीच्या बापानं कारण सांगितलं नाही, नुसतं फलकाकडे बोट दाखवलं. शाळेच्या बाई मुलांना दोन-दोन करून पूल ओलांडायला लावू लागल्या. आकडा सहावर आला तेव्हा बाबी म्हणाला, "आता आमी दोगय बरोबरीचे." लोक हसले, पण पुलावरून जाताना आता कुणी गप्पा मारत नव्हतं.

आकडा दोनवर आला की पुलाचं फाटक आपोआप बंद होतं. मग कलेक्टर आले तरी उघडत नाही.

काचेचं वय काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कोकण काचतंतू संस्थेत मी तपासनीस आहे. म्हणून संस्थेनं मला पाठवलं. मी जुव्याचीच, हे दुसरं कारण होतं. पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

काचेचा पूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खिडकीची काच येते, तेव्हा थोडं सांगते. काच वितळवून तिचा केसाहून बारीक तंतू ओढला की त्याला लोखंडापेक्षा जास्त ताण सोसतो. असे लाखो तंतू डिंकासारख्या राळेत बसवून त्यांची कांब करायची आणि कांब्यांची मोळी बांधली की झाला दोर. समुद्र वर आला, खारा वारा आतपर्यंत पोचला आणि किनाऱ्यावरचं लोखंड दहा-दहा वर्षांत भुगा होऊ लागलं. काच गंजत नाही. शिवाय कणकवलीकडची पांढरी वाळू आपल्याच दारात. सूर्याच्या उष्णतेवर चालणाऱ्या भट्ट्या आल्या आणि संस्थेनं पुलांच्या दोरांची काच इथेच ओढायला सुरुवात केली. चाळीसेक पूल झाले.

प्रत्येक दोराच्या पोटात एक साक्षी तंतू असतो. त्यातून सतत प्रकाश जातो. काचेला सूक्ष्म तडे जाऊ लागले की प्रकाश आतल्या आत विखुरतो, टोकाला कमी पोचतो. किती कमी पोचला यावरून यंत्र हिशेब करतं आणि फलकावर वर्षं लिहितं. साक्षी तंतूला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे मला तो सहकारी म्हणून आवडतो.

पुलाआधी तर होती, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. मी सातवीत असताना ती तर भरतीच्या ओढीत उलटली. नऊ माणसं गेली. तर चालवणारे माझे बाबा, हरिश्चंद्र कुबल, त्यांच्यातलेच एक. माझ्या आतेचा मुलगा सिद्धेश दुसरा. तो परीक्षेला चालला होता. माझी आई आधीच गेलेली, त्यामुळे मी मथुराआतेकडे राहायला गेले. ती एका पोराची आई होती, दुसऱ्या पोरीची झाली. त्यावर तिनं कधी भाषण केलं नाही. सिद्धेशची गोधडी मला दिली आणि जेवायला वाढलं.

पूल झाला तेव्हा बांधकाम खात्यानं नेहमीप्रमाणे पितळी पाटी आणली. इतर पुलांवर उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांची नावं असतात. जुव्याच्या लोकांनी अडून बसून त्या नऊ जणांची नावं कोरायला लावली. पाटी जुव्याकडच्या खांबावर बसवली, डाव्या दोराच्या बरोबर वर. पाटी इतकी लखलखीत की पुलावर पाऊल टाकण्याआधी तिच्यात आपलं तोंड दिसायचं. गेली सहा वर्षं मी येता-जाता त्या पाटीत केस सारखे करत आले होते.

दोष डाव्याच दोरात निघाला. दोर जिथे खांबाच्या ठोकळ्यात शिरतो त्या जागेला आम्ही गळा म्हणतो. गळ्याशी एक कांब आतल्या आत तुटली होती. तुटका तुकडा काढून मी आतेच्याच ओट्यावर सूक्ष्मदर्शक मांडला.

कांब ओझ्यानं तुटली तर तिचं टोक झाडूसारखं पिंजलेलं असतं. हे टोक सुरीनं मुळा चिरावा तसं सपाट होतं. असं टोक दोनच गोष्टी एकत्र आल्या तर होतं: ताण आणि आम्ल. नुसत्या ताणानं होत नाही, नुसत्या आम्लानंही होत नाही.

आमच्या काचेत वाळू असते, ॲल्युमिनियम असतं, चुन्यातलं कॅल्शियम असतं आणि बोरॉन असतं. बोरॉन म्हणजे सोनाराकडच्या टाकणखारातला माल. तो घातला की काच कमी उष्णतेत वितळते आणि तंतू सहज ओढला जातो. आमच्या सूर्यभट्ट्यांना तेवढीच उष्णता झेपत होती. ही काच खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. पण आम्ल लागलं की त्यातला हायड्रोजन काचेच्या कातडीत शिरतो आणि कॅल्शियम, ॲल्युमिनियम, बोरॉन यांना एकेक करून बाहेर काढतो. माणसं उठून गेलेल्या घरासारखी ती कातडी आत बसते, आकसते. आकसली की तडकते. वर दोराचा ताण आहेच, तो त्या तड्याला धरून फाडत आत जातो. सगळं दिसण्याआधी होतं. लोखंड वाकतं, कुरकुरतं, तांबडं पडतं. काच शेवटच्या क्षणापर्यंत तशीच दिसते.

तर आम्ल होतं हे नक्की. कुठून आलं, हा प्रश्न होता.

संस्थेचे संचालक डॉ. गद्रे यांना मी फोन केला. ते म्हणाले, "वरच्या अंगाला बॅटऱ्यांचा कारखाना झालाय का बघ." कारखाना नव्हता. कोळंबीचे तलाव होते, त्यांचं पाणी तपासलं; ते आम्लधर्मी नव्हतं. पाऊस तपासला. पक्ष्यांची विष्ठा तपासली, त्यासाठी एक सकाळ बगळ्यांच्या मागे घालवली. बाबी तांडेल बाजूला बसून बघत होता. "शिकान सवरान ह्याच काम मिळाला?" त्यानं विचारलं.

आम्ल कशातच सापडलं नाही, म्हणून मी दुसरे पूल बघायला निघाले. त्याच भट्टीची काच, तोच खारा वारा, तेच खांब. उत्तरेकडे सहा पूल बघितले आणि सगळे ठणठणीत. फलकावर अडतीस, चाळीस असे आकडे. सहाव्या पुलाशी उभी राहून मी डबा खात होते. समोर पितळी पाटी होती, हिरवीगार, शेवाळ धरल्यासारखी. त्यावर कुणा पाहुण्याचं नाव होतं, ते काही वाचता येईना. मला आठवलं, आधीच्या पाचही पाट्या अशाच होत्या. कोण कशाला त्या घासायला जातंय?

पितळ आपल्याकडे कशानं घासतात ते मला ठाऊक होतं. आतेच्या परसात बसून मी लहानपणी समया घासल्या होत्या. भिजवलेली सोलं, म्हणजे कोकमाची सुकी सालं, थोडं मीठ आणि नारळाच्या सोडणाचा काथ्या. पितळेचा काळपट थर कोकमातलं आम्ल खातं आणि कॅल्शियम तर ते चिमटीत धरून नेतं. पाटी गळ्याच्या बरोबर वर. घासलेलं तांबडं पाणी ओघळून गळ्यात जिरणार, राळेतल्या बारीक भेगांतून तंतूंपर्यंत पोचणार. आणि जुव्याची पाटी माझी आते घासत होती. सहा वर्षं, दर सोमवारी.

ज्या पुलांची कुणाला पर्वा नव्हती ते सगळे धडधाकट होते. एकाच पुलावर कुणीतरी जीव लावला होता आणि तोच मरायला टेकला होता. मी डबा बंद केला. मला त्या क्षणी कुणाचाही राग आला असता, पण राग येण्यासारखं समोर कुणी नव्हतं.

गद्रेसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मनस्वी, म्हणजे काच निर्दोष आहे."

"काच आम्लाला टिकली नाही, सर."

"पुलावर आम्ल ओतावं असं आपण कुठे म्हटलं होतं? स्थानिकांनी अयोग्य रसायन वापरलं, असं लिही. खोटं आहे का ते?"

खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तसं लिहिलं की करारानुसार दुरुस्तीची जबाबदारी ना संस्थेची, ना खात्याची. दोर उतरवणार, पूल गुंडाळणार आणि जुवा पुन्हा होडीच्या भरवशावर. आणि दोष काचेच्या घडणीत आहे असं लिहिलं तर चाळीसच्या चाळीस पुलांचे दोर बदलायला निघणार, भट्ट्या थांबणार, तिथे काम करणाऱ्या माणसांना घरी बसवणार. गद्रेसर काही दुष्ट माणूस नव्हेत. त्यांनी त्या भट्ट्या स्वतः उभ्या राहून बांधल्या होत्या.

"गावात सभा ठेवलीय, तिला खात्याचे उपअभियंता बोंद्रे येतील. तेव्हा विचार करून बोल," ते म्हणाले.

मला भट्ट्यांची काळजी वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त भीती एका गोष्टीची होती. आतेला हे कळता कामा नये. मुलगा खाडीनं नेला, भाऊ खाडीनं नेला आणि आता त्यांच्या नावावरून फिरवलेल्या हातानं पूल खाल्ला, हे त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? मी ठरवलं, पाटी काहीतरी निमित्त काढून हलवू. कागदावर काय लिहायचं ते नंतर बघू.

सोमवारी सकाळी आते नेहमीसारखी वाटी घेऊन निघाली. सोलं फुलून आली होती, पाणी तांबडंलाल झालं होतं. मी तिच्या हातून वाटी घेतली.

"आज नको आते. पाटीचे फोटो काढायचेत."

"मगे घासलेलीचे काढ. चांगले येतले."

"आहे तशीच हवी आहे. साहेबांनी सांगितलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या आतेला लिहिता-वाचता बेताचंच येतं; माझं तोंड मात्र तिला सातवीपासून पाठ आहे. "तुका खोटा बोलूक येणा नाय," ती म्हणाली. "काय झाला ता सांग."

मी ओट्यावर बसले आणि सांगितलं. तंतू, कातडी, आम्ल, सगळं. सोपं करून सांगताना मी मधेच पुन्हा तंतूंवर आले, कारण सोपं करत गेलं की शेवटी उरतं ते एकच वाक्य, आणि ते मला टाळायचं होतं. आतेनंच ते म्हटलं.

"ह्या माझ्या हातान झाला?"

"सोलांनी झालं."

"सोला आपसून चालत गेली?"

आते उंबऱ्यावर टेकली. तिच्या बोटांना तांबडा रंग लागला होता, तो ती लुगड्याला पुसत राहिली. "शाळेची पोरां जातत त्येच्यावरना," ती म्हणाली. "कोणाचा तरी पोर गेला असता, आनी मी थय बसान सिद्धेशाचा नाव घासत होतंय." मग ती रडली. तर उलटली तेव्हाही ती माझ्यासमोर रडली नव्हती, म्हणून मला तिला कसं धरायचं ते माहीत नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला. मला फार वाईट वाटत होतं आणि माझं सगळं शास्त्र त्या वेळी कवडीच्या उपयोगाचं नव्हतं.

सभा शाळेच्या पटांगणात झाली. बोंद्रेसाहेब खुर्चीवर, गद्रेसर त्यांच्या शेजारी, गाव समोर सतरंजीवर. बोंद्रेंनी सरळ विचारलं, "कारण काय?"

मी उठायच्या आत आते उठली. "पाटी मी घासतंय," ती म्हणाली. "सोलांनी. त्येच्यान दोर गेलो. दुसऱ्या कोणाचो दोष नाय." आणि खाली न बसता उभीच राहिली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

बोंद्रेंनी गद्रेसरांकडे पाहिलं. गद्रेसरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना हवं होतं ते आयतंच आतेनं बोलून दिलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मागून बाबी तांडेल म्हणाला, "मगे पितळ कशान घासतत, सायब? तुमच्यात कशान घासतत?"

बोंद्रे म्हणाले, "आमच्याकडे पितळ नाही."

मला तिथे राग आला, आणि यावेळी समोर माणसं होती. मी म्हणाले, "ही काच निवडताना समितीनं खारं पाणी तपासलं, ऊन तपासलं, सिमेंट तपासलं, डिझेल तपासलं. कोकणातला पूल, त्यावर पितळी पाटी खात्यानंच ठोकलेली, तीसुद्धा गळ्याच्या वर, आणि कोकम तपासायचं कुणाला सुचलं नाही. कारण समितीतल्या एकाही माणसानं घरी पितळ घासलेलं नव्हतं. पूल माणसांसाठी बांधतात. माणसं जे करणारच आहेत ते पुलाला सोसलं पाहिजे. नाही सोसलं तर दोष पुलाचा. कारणाच्या जागी मी लिहिणार आहे, काचेची घडण अयोग्य. बोरॉन काढा, हे होणार नाही."

"चाळीस पूल," गद्रेसर हळूच म्हणाले.

"एकोणचाळीस पुलांवर अजून कुणी जीव लावला नाही, सर. उद्या लावतील."

यावर सभा कशी संपली ते मला नीट आठवत नाही. बोंद्रे काहीतरी लिहून घेत होते. आते अजून उभी होती. बाबीच्या बायकोनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि तिच्या शेजारी सरकून बसली.

पुढचं सगळं मी म्हटलं तसंच झालं, म्हणजे वाईट झालं. पूल बंद झाला. भट्ट्या थांबल्या, माणसं घरी बसली. त्यांच्यातले काही अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. गद्रेसर वर्षभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. जुव्यावर विजेवर चालणारी होडी आली, भरती-ओहोटी बघून सुटणारी. आतेनं सांगून टाकलं, "मी होडयेत बसूचंय नाय." आणि बसली नाही. तिचा दात दुखला, तिच्या चुलत नणंदेच्या घरी बारसं झालं, तरी ती जुव्यावरून हलली नाही. मी आले की बाजारातून तिला काय हवं ते घेऊन यायचे.

आम्ही नवी काच शोधत होतो. बोरॉन काढला की काच आडमुठी होते. वितळायला आणखी साठ-सत्तर अंश मागते, आणि जरा हयगय झाली की तंतू ओढतानाच तुटतो. त्यात मॅग्नेशियम वाढवलं, किंचित टायटॅनियम आणि जस्त घातलं, भट्टीचे आरसे बदलले. कोकमाचं आगळ, म्हणजे दाट आंबट रस, बरण्यांत भरून त्यात ताण दिलेल्या कांब्या महिनोन् महिने बुडवून ठेवल्या. प्रयोगशाळेत इतक्या बरण्या बघून पाहुणे सरबत मागायचे. जुन्या काचेच्या कांब्या आठवड्या-दोन आठवड्यांत तटातट गेल्या. नवीन काचेची एकही गेली नाही. शेवटी गद्रेसर स्वतः एक दिवस त्या बरण्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आपण हे आधीच करायला हवं होतं." मी पुढच्या बरणीवर तारीख लिहिली.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपल्यावर पूल पुन्हा उघडला. नवे दोर, तीच जुनी पाटी, त्याच जागी. बोंद्रे ती हलवा म्हणत होते, गावानं ऐकलं नाही. फलकावर त्रेपन्न आकडा आला. बाबी तांडेलनं तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "माका कित्याक येवढो?"

आते पुलावरून पलीकडे जाऊन आली. पण पाटीसमोर थांबली नाही. पाटी काळीहिरवी पडली होती, नावं बुजली होती. मी तिला सांगितलं, आता घासलीस तरी चालेल, ही काच वेगळी आहे. ती म्हणाली, "रवांदे." दर सोमवारी ती सकाळी अंगणात उगाच झाडलोट करत बसायची. सोलं तिनं फक्त आमटीत घातली. मी एकदा काचेचं रसायन पुन्हा समजावायला गेले तर तिनं माझ्यापुढे ताट वाढलं. पूल दुरुस्त झाला होता, पण आतेचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला होता, आणि त्यासाठी आमच्या संस्थेत विभाग नव्हता.

म्हणून एका सोमवारी मीच सोलं भिजत घातली. आतेनं बघितलं, विचारलं नाही. मी वाटी आणि काथ्या घेऊन पुलाकडे निघाले. ती थोडं अंतर ठेवून मागून आली आणि पुलाच्या तोंडाशी फलकाखाली उभी राहिली.

मी पाटीला सोलं फासली, मीठ टाकलं आणि घासायला लागले. तांबडं पाणी खांबावरून ओघळून थेट दोराच्या गळ्यात जाऊ लागलं. मी ते अडवलं नाही. उलट वाटीतलं उरलेलं पाणी मुद्दाम गळ्यावर ओतलं. त्या काचेची प्रत्येक कांब मी स्वतः तपासली होती. शाळेची मुलं दप्तरं घेऊन माझ्या मागून पुलावर गेली. पूल हलला, नेहमी हलतो तितकाच. आते फलकाकडे बघत होती, मी पाटीकडे. पहिलं नाव उजळलं, मग दुसरं. सिद्धेश खवणेकर हे नाव स्वच्छ निघालं तेव्हा माझा हात भरून आला होता आणि मी काथ्या कसाबसा फिरवत होते.

"असा नाय घासत," आते मागे येऊन म्हणाली.

मी थांबले. तिनं माझ्या हातातून काथ्या घेतला, वाटीतलं एक सोल उचललं आणि पदर खोचला.

"तुझ्या बापाशीचा नाव तसाच रवला बघ," ती म्हणाली आणि घासायला लागली.

मी बाजूला झाले. पाणी तिच्या मनगटावरून खांबावर आणि खांबावरून दोराच्या गळ्यात जात होतं. फलकावरचा आकडा बदलला की नाही ते आम्ही दोघींनी बघितलं नाही.